‘कोमेर’ या स्पॅनिश शब्दातला मूळ धातू कुठे गेला?

प्रश्न: दारव्हा_वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात आठवी ते दहावीची काही पोरंपोरी मोबाइलवरून स्पॅनिश शिकतात. त्यांच्यासाठी भिंतीवर लावायचा एक तक्ता करतो आहे. रोजच्या बोलण्यातला एक स्पॅनिश शब्द घ्यायचा आणि तो लॅटिनपासून आजच्या रूपापर्यंत कसा आला ते टप्प्याटप्प्यानं दाखवायचं. शब्द घेतला ‘कोमेर’, म्हणजे खाणे.

तीन ठिकाणी अडलो आहे.

पहिलं. शब्दकोशात याचं लॅटिन मूळ ‘कोमेदेरे’ दिलं आहे. त्याची फोड ‘कोम’ हा उपसर्ग आणि ‘एदेरे’ म्हणजे खाणे अशी होते. पण आजच्या ‘कोमेर’मध्ये ‘कोम’ आहे आणि क्रियापदाचा शेवटचा ‘एर’ आहे. खाण्याचा अर्थ ज्या ‘एद’मध्ये होता तोच दिसत नाही. फोड चुकली का, की खरंच उपसर्ग उरला आणि धातू गेला?

दुसरं. ‘कोमिदा’ (जेवण) आणि ‘कोमेदोर’ (जेवणाची खोली) या शब्दांत ‘द’ आहे. तो ‘एद’मधलाच ना?

तिसरं. मुलांना मराठीतलं तसंच उदाहरण द्यायचं आहे. कोणतं द्यावं? तक्ता पूर्ण देवनागरीत आहे, म्हणून उत्तरातले शब्दही देवनागरीतच लिहावेत ही विनंती.

उत्तर: प्राकृत_वाशीम

दादा, फोड बरोबर आहे आणि शंकाही अगदी नेमकी आहे. ‘कोमेर’मध्ये खाण्याचा मूळ धातू उरलेला नाही. उपसर्गच आता धातूचं काम करतो.

आधी ‘एदेरे’ला उपसर्ग का लागला, ते पाहू. एकटं ‘एदेरे’ हे फार अडचणीचं क्रियापद होतं. त्याची जुनी रूपं अशी: मी खातो ‘एदो’, तू खातोस ‘एस’, तो खातो ‘एस्त’, आणि खाणे ‘एस्से’. आता ‘असणे’ या क्रियापदाची रूपं बघा: तू आहेस ‘एस’, तो आहे ‘एस्त’, असणे ‘एस्से’. फरक होता तो फक्त स्वराच्या लांबीचा. खाण्याचा ‘ए’ दीर्घ, असण्याचा ऱ्हस्व. पुढे लोकांच्या बोलण्यातून ऱ्हस्व-दीर्घाचा हा भेदच गेला, तेव्हा इतकं आखूड आणि गोंधळाचं क्रियापद टिकणं कठीण होतं. लोकांनी दोन पर्याय धरले. एक, उपसर्ग लावून भारदस्त केलेलं ‘कोमेदेरे’. दुसरं ‘मान्दुकारे’, ज्याचा मूळ अर्थ चावणे.

इ. स. ४०० च्या सुमारास संत जेरोमनं बायबल लॅटिनमध्ये आणलं, त्यात ही दोन्ही क्रियापदं भेटतात. पुढे वाटा फुटल्या. फ्रेंच ‘मांजे’, इटालियन ‘मांजारे’, रोमानियन ‘मन्का’ ही ‘मान्दुकारे’ची लेकरं. स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांनी ‘कोमेदेरे’ ठेवलं. तक्त्यात मात्र ‘स्पेन देशात कोमेर म्हणतात’ असं सरसकट लिहू नका. बार्सिलोनाकडची कातालान भाषा स्पेनमधलीच, पण तिच्यात खाणे म्हणजे ‘मेन्झा’, तेही ‘मान्दुकारे’वरूनच.

आता टप्पे. या क्रमानंच मांडा, कारण क्रम चुकला तर शब्द वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोचतो.

१) अभिजात लॅटिनमध्ये जोर ‘मे’वर होता: को-मे-दे-रे. लॅटिनमध्ये क्रियापदांचे चार गण होते, स्पॅनिशमध्ये तीनच उरले: आर, एर, इर. ‘कोमेदेरे’चा गण दुसऱ्या गणात मिसळला आणि जोर पुढे सरकून ‘दे’वर आला: को-मे-दे-रे.

२) ‘र’नंतरचा शेवटचा ‘ए’ गळाला: कोमेदेर. ‘कान्तारे’चं ‘कान्तार’ (गाणे) झालं तसंच.

३) दोन स्वरांमधला ‘द’ विरघळला: कोमेएर.

४) दोन ‘ए’ एकात मिसळले: कोमेर.

खरी गंमत तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात आहे. ‘एद’मधला ‘द’ गेला, मग उरलेला ‘ए’ शेजारच्या ‘ए’त बुडाला. धातू असा दोन घासांत संपला. वर्तमानकाळात तर काहीच शिल्लक नाही: ‘कोमेदो’चं झालं ‘कोमो’, मी खातो. त्यात ‘कोम’ उपसर्ग आणि ‘ओ’ प्रत्यय.

‘द’ पडण्याचा नियम एका शब्दापुरता नाही, हे दाखवायला सोबत चार-पाच शब्द ठेवाच:

विदेरे → वेर (पाहणे)
कादेरे → काएर (पडणे)
आउदिरे → ओइर (ऐकणे)
रादिकेम → राइस (झाडाचं मूळ)
पेदेम → पिए (पाय)

कुणी चाणाक्ष पोरगी विचारेल की ‘निदो’मध्ये (घरटं) ‘द’ कसा राहिला? ‘सुदार’मध्ये (घाम येणे) कसा राहिला? लॅटिनमध्येही त्यांत ‘द’ होता, आणि तो टिकला. नियम ‘बहुतेक वेळा’चा आहे. हे लपवू नका, तक्त्याच्या कोपऱ्यात अपवाद म्हणून लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ‘कोमिदा’ आणि ‘कोमेदोर’मधला ‘द’ हा जुना ‘द’ नव्हेच. तो लॅटिन ‘त’चा वंशज आहे. ‘-इता’ या प्रत्ययाचं ‘-इदा’ झालं, ‘-तोरेम’चं ‘-दोर’ झालं. ‘विता’चं ‘विदा’ (आयुष्य) आणि ‘कातेना’चं ‘कादेना’ (साखळी) झालं त्याच वाटेनं. इथं हमखास चूक होते: नवा ‘द’ पाहून माणूस त्याला जुना समजतो आणि धातू सापडल्याचा आनंद करतो.

मग हा नवा ‘द’ का नाही पडला? पंगतीत शेवटचा माणूस उठला की बाकीचे एकेक जागा सरकतात, तसं हे आहे. जुना ‘द’ उठून गेला, त्याच्या जागी ‘त’ सरकला, आणि ‘त’च्या जागी दुहेरी ‘त्त’ आला: ‘गुत्ता’चं ‘गोता’ (थेंब). सगळे सरकले, पण कुणी कुणाच्या मांडीवर बसलं नाही. ‘त’चा ‘द’ आधी होऊन मग सगळेच ‘द’ पडले असते, तर ‘विता’चं आज ‘विआ’ झालं असतं. आजच्या बोली स्पॅनिशमध्ये मात्र हा नवा ‘द’ही ढिला होतो आहे. ‘कान्सादो’ (थकलेला) याचा उच्चार पुष्कळ ठिकाणी ‘कान्साओ’ असा ऐकू येतो.

तिसऱ्या प्रश्नासाठी मराठीतली दोन उदाहरणं देतो, दोन्ही वापरा.

‘खाणे’. संस्कृत ‘खादति’, प्राकृत ‘खाअइ’, मराठी ‘खाणे’. ‘कोमेर’सारखाच इथंही दोन स्वरांमधला ‘द’ गेला. अर्थ तोच, पण धातू वेगळा.

‘पाय’. संस्कृत ‘पाद’, प्राकृत ‘पाअ’, मराठी ‘पाय’. लॅटिन ‘पेदेम’, स्पॅनिश ‘पिए’. संस्कृत आणि लॅटिन शब्द मुळात एकच, आणि दोन्हीकडे तोच ‘द’ गळाला. इकडचे लोक तिकडे गेले नव्हते, तिकडचे इकडे आले नव्हते. तक्त्याच्या मधोमध ही जोडी ठेवा.

आणि ज्या ‘एद’ला स्पॅनिशनं गमावलं, तो आपल्याकडे रोज ताटात असतो. लॅटिन ‘एद’ म्हणजेच संस्कृत ‘अद्’, खाणे. अद् + न = अन्न. खाल्लं जातं ते अन्न.

उत्तर: खामगाव_७

फार छान उत्तर. एक भर घालतो. ‘कोम’ म्हणजे ‘सोबत’, हे लॅटिनच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात मिळतं. म्हणजे ‘कोमेदेरे’ म्हणजे सोबत बसून खाणे, आपलं सहभोजन. संस्कृत ‘सम्’ तोच. पंगतीची कल्पना रोमन लोकांतही होती असं मुलांना सांगता येईल.

उत्तर: अकोट_भाषा

खामगावचे भाऊ, कल्पना गोड आहे, पण तक्त्यावर लिहू नका. दोन्ही गोष्टी चुकतील.

‘कोम’चे अर्थ दोन. एक ‘सोबत’, दुसरा ‘पूर्ण, पुरतं’. ‘कोमेदेरे’त दुसरा आहे: खाऊन टाकणे, फस्त करणे. आपण ‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’ यांत जो फरक करतो तोच. पैसा उडवून टाकण्यालाही लॅटिनमध्ये हेच क्रियापद वापरत, जसं आपण ‘वावर खाऊन बसला’ म्हणतो. वापर वाढला की असा जोरकस शब्द साधा होऊन जातो, म्हणून आज ‘कोमेर’ म्हणजे नुसतं खाणे.

‘सोबत’वाला ‘कोम’ पाहायचा असेल तर ‘कोम्पान्येरो’ (सोबती) घ्या. कोम + पानिस, पानिस म्हणजे पाव-भाकरी. एका भाकरीतले ते सोबती. हा पंगतीचा शब्द खरा. त्याच लॅटिन ‘पानेम’चं स्पॅनिशमध्ये ‘पान’ झालं, पोर्तुगीजमध्ये ‘पांव’, आणि तिथून आपल्याकडे ‘पाव’ आला.

‘सम्’चं नातंही जुळत नाही. संस्कृत ‘सम्’ आणि ‘सम’ यांचे लॅटिन भाऊबंद म्हणजे ‘सिमुल’ (एकाच वेळी) आणि ‘सिमिलिस’ (सारखा). ‘कोम’ वेगळ्या घरचा. सारखा अर्थ आणि सारखा ‘म’ एवढ्यावर नातं ठरत नाही. ध्वनींची जुळणी पाच-दहा शब्दांत परत परत दिसली पाहिजे.

असाच एक सापळा मराठीकडून आहे. स्पॅनिशमध्ये अंगाला सुटणाऱ्या खाजेला ‘कोमेसोन’ म्हणतात. तो शब्द खरोखर ‘कोमेस्तिओनेम’, म्हणजे ‘खाण्याची क्रिया’, यावरून आला आहे. लगेच मनात येतं की आपली ‘खाज’ही ‘खाणे’वरून आली असेल. नाही आली. ती संस्कृत ‘खर्जू’, प्राकृत ‘खज्जू’ या वाटेनं आली. अर्थाची उडी दोन्हीकडे पटण्यासारखी आहे, पण ध्वनी एकीकडेच साथ देतात.

दारव्ह्याच्या दादांसाठी अजून एक. मुळातला ‘एद’ स्पॅनिशमधून अगदीच नाहीसा झाला असं नाही. चकमकीची ठिणगी धरायला जो कापूस किंवा भुसभुशीत काडीकचरा लागतो, त्याला स्पॅनिशमध्ये ‘येस्का’ म्हणतात. लॅटिन ‘एस्का’ म्हणजे खाद्य, आमिष. ते ‘एद’वरूनच झालं. विस्तवाचं खाद्य म्हणून येस्का! ‘ओबेसो’ (लठ्ठ) यातही तोच धातू आहे, पण तो शब्द पुस्तकातून उचललेला.

उत्तर: प्राकृत_वाशीम

‘पुस्तकातून उचललेला’ हा मुद्दा तक्त्यात यायलाच हवा, आणि त्यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहेत: तत्सम आणि तद्भव. ‘कोमेर’ हा तद्भव, तोंडातोंडी झिजत आलेला. ‘कोमेस्तिब्ले’ (खाण्याजोगं) हा तत्सम, विद्वानांनी लॅटिनमधून जसाच्या तसा घेतलेला. आपलं ‘खाणे’ आणि ‘खाद्य’ अगदी तसंच. ‘राइस’ आणि ‘रादिकाल’, ‘ओइर’ आणि ‘आउदिसिओन’, ‘पाय’ आणि ‘पाद’. तत्सम शब्दात ‘द’ शाबूत दिसतो म्हणून नियम खोटा पडत नाही. तो शब्द त्या वाटेनं चाललाच नाही. तक्त्यात दोन रंग वापरा, घोटाळा होणार नाही.

‘द’ का पडतो याचं सूत्र आपल्याकडे फार जुनं आहे. प्राकृताचा जुना व्याकरणकार वररुची, त्यानं नियमच सांगितला: ‘कगचजतदपयवां प्रायो लोपः’. क, ग, च, ज, त, द, प, य, व दोन स्वरांमध्ये आले की बहुतेक लोपतात. त्यातला ‘प्रायः’ बघा. ‘निदो’ आणि ‘सुदार’चा अपवाद पोरांना समजावायला हा एक शब्द पुरतो. ज्या महाराष्ट्री प्राकृतावरून मराठी आली, तिच्यात ‘त’सुद्धा पडायचा: ‘गत’चं ‘गअ’. शौरसेनी या दुसऱ्या प्राकृतात तोच ‘त’ ‘द’वर थांबायचा: ‘गद’. म्हणजे स्पॅनिशच्या ‘विदा’वर शौरसेनी थांबली आणि महाराष्ट्री एक पाऊल पुढे गेली. आमचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. इथला वाकाटक राजा सर्वसेन याच प्राकृतात काव्य करायचा. ही भाषा विदर्भाला परकी नाही, हे मुलांना जरूर सांगा.

उत्तर: अकोट_भाषा

आणि वऱ्हाडीलाही तक्त्यात जागा द्या. आपल्याकडे ‘डोळा’चा ‘डोया’, ‘केळं’चं ‘केयं’, ‘शाळा’ची ‘शाया’, ‘बाभूळ’ची ‘बाभूय’ होते. पोट्ट्यांना यासाठी अशुद्ध म्हणून टोकलं जातं. स्पॅनिशमध्ये दुहेरी ‘ल’नं लिहिला जाणारा एक ध्वनी आहे. जुना उच्चार ‘ल्य’सारखा. आज बहुतेक स्पॅनिश बोलणारे तिथं ‘य’ म्हणतात: रस्ता म्हणजे ‘काल्ये’, ऐकू येतं ‘काये’. कोंबडीचं मांस ‘पोल्यो’, ऐकू येतं ‘पोयो’. आपला ‘ळ’ आणि त्यांचा ‘ल्य’ हे ध्वनी वेगळे, पण लकार सुटून ‘य’ होण्याची चाल तीच. त्या बोलण्याला तिथं कुणी गावंढळ म्हणत नाही. नियमानं झालेला बदल म्हणजे चूक नव्हे, आणि ‘शाया’ म्हणणारं पोरगं ‘केयं’ही म्हणतं आणि ‘डोया’ही म्हणतं, एकदाही चुकत नाही. यापेक्षा पक्का नियम कोणता पाहिजे?

याच ध्वनीचा घरातला शब्द हवा असेल तर किल्ली घ्या. लॅटिन ‘क्लावेम’. स्पॅनिशमध्ये सुरुवातीच्या ‘क्ल’चा ‘ल्य’ झाला: ‘ल्यावे’, आजचा उच्चार ‘यावे’. पोर्तुगीजमध्ये त्याच ‘क्ल’चा आधी ‘च’ आणि पुढे ‘श’ झाला. ‘च’ होता तेव्हाच शब्द आपल्याकडे उतरला: ‘चावी’.

दारव्हा_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. सहभोजनाची ओळ मीही लिहून बसलो होतो, ती खोडली. आता दोन बारीक शंका. वापर शिकवताना ‘कोमेर’ला खाणे म्हणू की जेवणे? आणि शेजारी ‘बेबेर’ (पिणे) ठेवला तर त्यातला ‘ब’ का नाही पडला?

उत्तर: अकोट_भाषा

वापराचं मी सांगतो. ‘कोमेर’मध्ये दोन्ही येतात. ‘कोमो पान’ म्हणजे पाव खातो. ‘वेन आ कोमेर’ म्हणजे जेवाले ये. स्पेनमध्ये ‘कोमिदा’ म्हणजे अन्नही आणि दुपारचं मुख्य जेवणही. रात्री जेवण्याला ‘सेनार’, लॅटिन ‘केनारे’वरून. सकाळी न्याहारी करण्याला ‘देसायुनार’. यात ‘आयुनार’ म्हणजे उपास करणे आणि ‘देस’ म्हणजे मोडणे, सोडणे. अक्षरशः पारणं! हा शब्द मुलं पुन्हा विसरणार नाहीत.

रूपं लिहा: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. पूर्ण नियमित आहे. फक्त ‘कोमो’पाशी थांबा, कारण ‘जसा, सारखा’ या अर्थाचा दुसरा ‘कोमो’ आहे आणि तो ‘क्वोमोदो’वरून आला. ‘कोमो कोमो कोमो’ हे तीन शब्दांचं वाक्य स्पॅनिशमध्ये बरोबर आहे: मी जसा खातो तसा खातो. मधला फरक फळ्यावर फोडून दाखवा.

उत्तर: प्राकृत_वाशीम

‘बेबेर’ ठेवा, कारण तिथं चित्र उलटं होतं. लॅटिन ‘बिबेरे’, संस्कृत ‘पिबति’, दोन्ही एकाच मुळाचे. आधी तिकडेही सुरुवातीला ‘प’च होता; पुढच्या ‘ब’च्या ओढीनं त्याचाही ‘ब’ झाला. मग स्पॅनिशनं मधला ‘ब’ ठेवला. फक्त तो मऊ झाला: ओठ पूर्ण मिटत नाहीत, ‘ब’ आणि ‘व’च्या मधला उच्चार होतो. आपण मात्र तो सोडून दिला: पिबति, पिअइ, पिणे. स्वरांमध्ये सापडलेला ‘ब’ तिकडे मऊ होऊन थांबतो, ‘द’ त्यापुढे जाऊन पडतो, म्हणून एकाच तक्त्यात ‘कोमेर’ झिजलेला आणि ‘बेबेर’ भरलेला दिसेल.

तक्त्याची मांडणी अशी करून बघा. वर डावीकडून उजवीकडे चार चौकटी: कोमेदेरे, कोमेदेर, कोमेएर, कोमेर. पडणारं अक्षर प्रत्येक चौकटीत लाल. त्याखाली खादति, खाअइ, खाणे. त्याखाली पेदेम–पिए आणि पाद–पाय आमनेसामने. सगळ्यात खाली बिबेरे–बेबेर आणि पिबति–पिणे. प्राकृत रूपांच्या शेवटचा ‘अइ’ तिसऱ्या पुरुषाचा आहे आणि ‘णे’ हा मराठीचा वेगळा प्रत्यय आहे, हे तळटीपेत लिहा, नाहीतर पोरं ‘इ’चा ‘णे’ झाला असं समजतील. आणि लॅटिन शब्द छापण्याआधी रॉयल स्पॅनिश अकादमीच्या मोफत ऑनलाइन कोशात एकेक तपासून घ्या. शब्दाच्या अर्थाआधीच मूळ दिलेलं असतं. तिथं ‘कोमेर’पुढे ‘कोमेदेरे’च दिसेल.